राखीव

मी सरकारी पगारावर गवत जाळते.
मे सरता सरता, सकाळचं दव सुकलं,
वारा पूर्वेचा, गालाला कळेल न कळेल इतका,
की ठिबकत्या मशालीचा डबा घेऊन
मी माळावरून रेघ ओढत निघते
आणि माझ्यामागे ती रेघ उभी राहते.

गवत तेव्हा शेंड्याला पिवळं, बुडाशी ओलं.
त्यामुळे आग दमानं चालते, गुडघ्याएवढी,
म्हाताऱ्या बैलासारखी हुंगत, थांबत.
कासवाला बिळापर्यंत पोचू देते.
ऑक्टोबरात हीच आग
कुणासाठी थांबत नाही.

सगळ्यात आधी येतात कोतवाल.
काळे कुळकुळीत, शेपटीला कात्री लावलेली,
धुरात सूर मारून नाकतोडे टिपतात.
मग घारी.
मग सेक्रेटरी पक्षी, गुडघ्यापर्यंत काळ्या विजारी,
कचेरीला उशीर झाल्यासारखे ढांगा टाकत,
कुठे भाजलेला साप मिळतो का बघत.
लिकांडो, माझा जोडीदार, म्हणतो,
लग्नाच्या जेवणालाही माणसं इतकी वेळेवर येत नाहीत.

याच कामासाठी माझ्या बापाला आठ महिने झाले होते.
साहेब तेव्हा नवे होते. कुंपण नसलेल्या माळाला
त्यांनी कागदावर कुंपण घातलं होतं,
आणि कागद जळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.
बापानं कोर्टात विचारलं म्हणे,
गवत म्हातारं झालं तर हरणांनी खायचं काय?
दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं,
आरोपी गुन्हा कबूल करतो.

तो मोंगूच्या तुरुंगात होता त्या वर्षी
कुणी काडी ओढली नाही. पुढच्याही वर्षी नाही.
गवत माणसाच्या वर गेलं, गादीसारखं दाटलं.
मग पावसाआधीची कोरडी वीज.

मी नामासिकू, रात्री जन्मलेली,
पण ती रात्र रात्र नव्हती.
आईनं मला पाठीशी बांधलं आणि आटलेल्या तळ्यात
पोटरीभर चिखलात ती उभी राहिली.
आमच्यापासून चार हातांवर एक तरस,
तोंडात पिल्लू धरलेलं.
आई सांगते, आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर
दोघींपैकी एकीला तिथून निघावं लागलं असतं.

अकरा दिवसांनी धूर बसला.
नोव्हेंबरात वाइल्डबीस्ट आले, सवयीनं,
हजारोंनी, नाक जमिनीला लावून,
आणि न थांबता पुढे गेले.

आता माझ्या खिशात परवाना असतो.
क्रमांक, तारीख, वाऱ्याचा वेग, शिक्का.
बाप दाराशी बसलेला असतो,
एका डोळ्यानं अजून दिसतं त्याला.
तो कागद मागतो, वाचता येत नसून
उताणा-पालथा करतो, शिक्क्यावरून अंगठा फिरवतो.
एकदा म्हणाला, हा आधी मिळत असता
तर तुझ्या आईनं एवढे पाय दुखवले नसते
भेटीच्या दिवशी. बाकी काही नाही.

काल जाळलेल्या पट्ट्यावर आज ओरिबी आली.
एकटीच. काळ्या जमिनीवर तिचे खूर
पाटीवर कुणी हलक्या हातानं लिहावं तसे.
हिरवं अजून उगवलेलं नाही,
त्याला आठवडा तरी लागेल, नुसत्या दवावर.
ती मान खाली घालून राख चाटत होती.
खारट असते राख.

मी घरी येते. केसांत धूर, बाहीवर काजळी.
न्दाते, म्हणते, दक्षिणेकडचं झालं आज.
तो बोट ओलं करतो,
माझ्या बाहीवरून राखेचा एक कण उचलतो,
जिभेवर ठेवतो.
डोळे मिटून बराच वेळ काही बोलत नाही.

मग म्हणतो,
चार दिवस उशीर केलास.